दोन पातेर आणि लिनची पाटी

दुपारच्या पाळीला पोचल्यावर नीलांबरी भोईटे आधी दोन संत्री सोलते. फोडींवरचे पांढरे दोरे काढते, बिया काढते, कारण नव्वदीतल्या माणसाला गिळताना ठसका लागतो. मग दोन बशा भरून त्या दोन वेगवेगळ्या टेबलांवर ठेवते. एकच टेबल पुरले असते. पण पातेर हेंड्रिक आणि पातेर लांबेर्त एका टेबलावर बसत नाहीत.

पातेर म्हणजे फादर. मठ ओस पडू लागले तेव्हा उरलेल्या वृद्ध धर्मगुरूंना, पंथ न पाहता, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या टोकाला असलेल्या या वृद्धाश्रमात एकत्र आणले गेले. हेंड्रिक जेझुइट पंथाचा, लांबेर्त डॉमिनिकन. तरुणपणी दोघेही तैवानमध्ये, शेजारशेजारच्या गावांत होते, आणि त्यांचे भांडण तिथून बोटीने इथवर आले होते. मुळात ते त्यांचेही नव्हते. तीन-चारशे वर्षांपूर्वी चीनमधले जेझुइट म्हणत, मेलेल्या वाडवडिलांच्या नावाच्या पाटीपुढे वाकणे हा नुसता आदर आहे. मागून आलेले डॉमिनिकन म्हणत, ही पूजाच. रोमने, म्हणजे पोपने, डॉमिनिकनांचे ऐकून बंदी घातली, चीनचा बादशहा चिडला, मिशनऱ्यांना दारे बंद झाली. गेल्या शतकात ती बंदी रोमनेच उठवली. अढी तेवढी राहिली.

नीलांबरी फलटणजवळच्या खेड्यातली, इतिहासाची पदवीधर. नवरा सुदर्शन पुण्याच्या कंपनीकडून इकडे आला, त्याच्या व्हिसावर तीही आली. चार वर्षे घरी बसून डच शिकली आणि या कामाला लागली. लोकांना उचलून पाठ दुखते, जेवण थंड खावे लागते, आणि घरी ईशानी, तिची मुलगी, तिने मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देते. तक्रार करण्याइतकेही त्राण संध्याकाळी उरत नाही.

हेंड्रिकच्या खोलीत वीतभर उंचीची एक लाकडी पाटी होती. तिच्यावर लिन नावाच्या माणसाचे नाव चिनी अक्षरांत कोरलेले होते. लिनच्या बायकोला मूलबाळ नव्हते. आपल्यामागे नवऱ्यापुढे कोण वाकणार, म्हणून मरताना तिने ती हेंड्रिकच्या स्वाधीन केली होती. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, चिनी लोक आपल्या मृतांच्या थडग्यांवर जातात त्या दिवशी, हेंड्रिक तिच्यापुढे एक अख्खे संत्रे ठेवून वाकत असे. गेल्या हिवाळ्यात त्याचे पाय गेले आणि त्याचा दिवस बैठकीच्या सामाईक खोलीत जाऊ लागला. पाटीही तिथल्या खिडकीत आली.

त्या एप्रिलमध्ये हेंड्रिकच्या सांगण्यावरून नीलांबरीने पाटीपुढे संत्रे ठेवले. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण आदल्या वर्षी तिचे वडील गेले तेव्हा तिला जाता आले नव्हते, आणि मृताच्या नावाने ठेवलेले फळ पाहून तिचा हात आवरेना. डब्यातल्या दहीभाताचा एक घास तिने खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत उभी राहिली. कावळा आला नाही; त्याचे पाच-सहा छोटे डच भाऊबंद आले आणि त्यांनी लांबेर्तच्या डोक्यावरच्या काचेवर थयथयाट केला.

लांबेर्तने व्यवस्थापिका मार्लूसला बोलावून घेतले. "आधी पाटी, मग फळ, आता भात," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना, जेझुइटांना एक इंच दिला की हे असं होतं."

मार्लूस दमलेली होती. तिच्याकडे त्या आठवड्यात तीन माणसे कमी होती. "नीला, ही पूजा आहे की आठवण?"

"मला माहीत नाही," नीलांबरी म्हणाली. ते खरेच होते.

"सामाईक खोलीत दोन्ही पंथांना चालेल तेवढंच ठेवायचं, हा नियम आहे. पातेर लांबेर्त हो म्हणाले तर पाटी राहील. नाहीतर शुक्रवारी तळघरात."

हेंड्रिकने पाटी आपल्याला दिसेल अशी खुर्ची फिरवून घेतली आणि त्या दुपारी संत्र्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चूक आपली आणि दंड त्याला, हे नीलांबरीला बसमध्ये, स्वयंपाकघरात, सगळीकडे टोचत राहिले.

"दोन पाद्र्यांची भांडणं सोडवायचा वेगळा पगार मिळतो का?" सुदर्शनने विचारले.

"पोळी घे," ती म्हणाली.

गुरुवारी ती लांबेर्तच्या टेबलाशी जाऊन बसली.

"त्याने पाठवलं?" लांबेर्तने विचारले. "जेझुइट स्वतः कधी येत नाही. दुसऱ्याला पाठवतो, आणि त्या दुसऱ्याला वाटतं आपणच आलो."

"मीच आले, पातेर. भात माझा होता. त्यांना माहीतही नव्हतं."

"कोणासाठी?"

"वडिलांसाठी."

"ते येऊन जेवतात?"

"नाही. पक्षी जेवतात."

तो हसला, मग खोकला. तिने पाणी दिले. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "लिन माझ्या गावचा. त्याला मी पुरलं. त्याची बायको पाटी ठेवू का विचारायला आली. रोमची परवानगी होती तेव्हा. पण शेजारचे जेझुइट हो म्हणत होते, म्हणून मी नाही म्हणालो. पुढच्या रविवारी ती त्याच्या चर्चमध्ये बसली होती. पळवली त्याने."

नीलांबरीने पेला पुन्हा भरला.

"पाटी राहू दे," लांबेर्त म्हणाला. "संत्रं चालेल. भात नाही."

एक चालेल, एक नाही; तिला रोमच्या बंदीची आठवण झाली, आणि आपल्या वडिलांचीही. "बरं," ती म्हणाली.

हेंड्रिकला हे सांगितले तेव्हा त्याने बशी पुढे ओढली. "हे लोक नेहमी मागून येतात," तो फोड चघळत म्हणाला, "आणि येताना नियम घेऊन येतात." टेबले मात्र वेगळीच राहिली.

ऑक्टोबरमध्ये हेंड्रिक झोपेतच गेला. चार दिवसांनी त्याच्या पंथाची दोन माणसे आली, पुस्तके आणि कपडे खोक्यांत भरले, आणि खिडकीतली पाटी कापडात गुंडाळून आपल्या संग्रहासाठी घेऊन गेली. हेंड्रिकचे जे काही ते पंथाचेच होते, कोणी अडवण्याचा प्रश्नच नव्हता. लांबेर्त दार बंद होईपर्यंत पाहत राहिला.

"पुन्हा नेलं," तो म्हणाला.

नीलांबरीने नेहमीप्रमाणे संत्रे घेतले आणि सालीला नख लावले.

"आज सोलू नकोस." त्याने रिकाम्या खिडकीकडे बोट केले. "तिथं ठेव."

तिने ठेवले. त्याला वाकायचे आहे की काय म्हणून ती हात देऊन उभी राहिली; त्याने मान हलवून नको म्हटले. मग ती दुसऱ्या टेबलाचे कापड काढून धुवायला टाकायला गेली.