बाळूला पुढे खेळायचं होतं

बाळू गोलकीपर नव्हता.

सकाळपासून ग्रुपवर सगळे लिहितायत, "आपला गोलकीपर गेला." कुणाची चूक नाही. त्या सीझनचा फोटो बघितला की ग्लोव्ह्ज घातलेला तोच दिसतो.

पण तो फॉरवर्ड होता. त्याच्याएवढं जोरात पळणारं पोरगं मुरबाड तालुक्यात मी तरी बघितलं नाही.

त्याला गोलमध्ये उभं केलं ते आम्ही. आणि बाहेर येऊ दिलं नाही ते मी.

मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही टी.वाय.ला होतो तेव्हा युनिव्हर्सिटीने आमच्या कॉलेजला ग्रामीण झोनमधून उचलून शहराच्या झोनमध्ये टाकलं. म्हणजे आता मॅच कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या कॉलेजांशी. आमच्याकडे ना पुरेसे बूट, ना कोच. जिमखान्याचे सर होते, ते मुळात कबड्डीवाले.

पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी आमचा कीपर बाइकवरून पडला. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी कल्याणला जाताना सरांनी जीपमध्ये एकेकाकडे बघितलं. बाळूचे हात सगळ्यात लांब.

"बाळू, आजच्या दिवस तू उभा राहा."

"सर, मी?"

"आजच्या दिवस रे."

ती मॅच आम्ही एक-शून्यने जिंकलो. बाळूने असे काही बॉल अडवले की शेवटी समोरच्यांचा कोचसुद्धा टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या मॅचला तो आपला पुढे जाऊन उभा राहिला. सर म्हणाले, "बाळू, आज पण."

मग "आज पण" चालूच राहिलं.

आम्ही जिंकत गेलो. नव्या झोनमध्ये आम्हाला कोण विचारत नव्हतं, दिवाळीपर्यंत सगळे ओळखायला लागले. मुरबाडच्या स्टँडवर अनोळखी माणसं थांबवून विचारायची, "काय रे, जिंकले का?"

फक्त बाळू गप्प होत गेला.

टोकावड्याच्या पुढे, डोंगराखाली त्याचं गाव. प्रॅक्टिसला पहिल्या जीपने यायचा आणि सर यायच्या आत एकटाच रिकाम्या गोलवर शूटिंग करत बसायचा. सर दिसले की मुकाट ग्लोव्ह्ज घालायचा.

एकदा परत येताना म्हणाला, "निल्या, तिथं जीव कोंडतो रे माझा. तुमी समदे पळता, नि मी खुंट्याला बांधल्यासारखा."

"अरे, पण तुझ्यामुळेच जिंकतोय ना आपण."

"तेच तर. जिंकता म्हणून सोडत नाय. आता काय, मुद्दाम गोल खाऊ?"

जीपमध्ये सगळे हसले. तो हसला नाही.

खरं सांगू, आम्हीही अडकलो होतो. एकदा हरलो की परत 'ती मुरबाडची पोरं' होणार, ही भीती. त्यामुळे काही हलवायचंच नाही. तेच बूट, तीच जीप, तोच बाळू.

शेवटची लीग मॅच आमच्या मैदानावर होती. झोन आम्ही आधीच जिंकला होता. हाफ टाइमला तीन गोलने पुढे.

बाळू ग्लोव्ह्ज काढून सरांसमोर उभा राहिला.

"सर, धा मिनिटं पुढं खेळू द्या. बस, धा मिनिटं. दादा आलाय बघायला."

सर म्हणाले, "कॅप्टनला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. घरच्या मैदानावर आमच्यावर अजून एकही गोल झाला नव्हता. मला ते तसंच ठेवायचं होतं. पेपरात यायला हवं होतं.

"नको रे बाळू. आजच्या दिवस."

त्याने ग्लोव्ह्ज चढवले आणि चालत गेला.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल त्याच्याकडे जवळजवळ आलाच नाही. तो पोस्टला टेकून उभा. मैदानाच्या कडेला त्याचा दादा उभा.

नंतर आम्ही बाळूला खांद्यावर घेऊन नाचलो. फोटो तेव्हाचाच आहे.

पुढच्या फेरीत हरलो. कॉलेज संपलं. तो परत कधी खेळला नाही. मी वाशिंदला कंपनीत लागलो, तो मुरबाडच्या एमआयडीसीत. माझ्या लग्नाला आला नाही. सुट्टी मिळाली नसेल म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस, चार-चार तास. बायको सोबत असायची. माझी सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवारी मी.

मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक स्टूल मावायचं. त्याने हात हलवायचा नाही, कूस बदलायची नाही. तो छताकडे बघायचा, मी त्याच्याकडे. सगळ्या गप्पा व्हायच्या. ती मॅच सोडून.

एका गुरुवारी मीच विषय काढला. "बाळू, त्या दिवशी तुला पुढं खेळू दिलं नाय. राग आहे का रे?"

मला वाटलं म्हणेल, सोड ना, पोरं होतो आपण.

"होता," तो म्हणाला. "लय होता. तुझ्या लग्नाला मुद्दाम नाय आलो."

उठून जायलाही जागा नव्हती.

"दादाला सांगून ठेवलेलं, आज मी पुढं खेळणार. तो कामावर खाडा करून आलेला. घरी गेल्यावर म्हणाला, तू तर नुसता उभाच होतास रे."

"चुकलो, बाळू."

"हां. चुकलास."

एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "घोटभर पाणी दे. जास्त नको, सिस्टर ओरडतात."

मी बाटलीच्या टोपणाने पाजलं.

"येत्या गुरुवारी येशील ना?"

"येईन."

त्यानंतर एकही गुरुवार चुकवला नाही.

आज दुपारी गावात सगळं आटोपलं. लोक पांगल्यावर मी दादाजवळ गेलो. म्हटलं, "दादा, त्या मॅचला बाळूने पुढं खेळायला मागितलं होतं. मी नाय म्हणालो."

दादाने माझ्याकडे बघितलं.

"मंग एवढी वर्सं सांगितलं का नाय?"

 

म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिलं.

बाळू, तुझ्या कॅप्टनचा तुला शेवटचा रामराम.