मरळ जेवते कधी?

नव्वदच्या पुढची ती वर्षं. मी न्हावऱ्याकडच्या कोरड्या रानातली. लग्न होऊन दौंडजवळ भीमेच्या काठी आले, तोवर जिवंत मासा पाहिलेला नव्हता. पण अक्कल अशी उतू जात होती की महिन्याभरातच मी नदीतल्या माशांची पंगत लावून मोकळी झाले.

आमच्या घरी आधी पुरुष जेवायचे, मग सासूबाई, शेवटी मी. पाण्यातही तसंच असणार! धुणं आटोपलं की मी भाकरीचा चुरा टाकायची. बोटाएवढे चंदेरी मासे वरच्या वर झडप घालायचे. हे दीर. मागून चिलापी धक्काबुक्की करत यायच्या. त्या नणंदा. तळाला पडलेलं मिशांवाली शिंगटी चाचपून खायची. ती सासू, दुसरं कोण! आणि कडेच्या गवतात मरळ नुसती उभी. घास तोंडापुढून गेला तरी हलायची नाही. नवी सून, लाजते बिचारी! मी तिच्या बाजूला वेगळा चुरा टाकायची.

मग सासूबाईंना टायफॉईड झाला. ताप उतरला, पण अन्न तोंडात जाईना. अंगावर नुसती हाडं राहिली.

"मरळीचं कालवण मिळालं तर दोन घास जातील बघ," त्या म्हणाल्या.

बाजारात मरळ नव्हती. मी घरातला गळ घेतला, त्याला कणीक लावली आणि थेट माझ्या लाजाळू सुनेपुढे सोडली. चिलापी कणीक ओढून पळाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. चुऱ्याला भुलून चंदेरी मासे कडेला गोळा झाले, तोच पाणी फाटलं. एक मासा गायब. मरळ होती तिथंच, गुपचूप.

मी गळ गुंडाळला. म्हणजे ही रोज जेवत होती? आणि मी तिला वाढत काय होते?

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. "अगं येडे, ती चुरा कशाला खाईल? चुऱ्यावर जी बारकी येत्यात, ती तिचं जेवण. त्यातलंच एक लाव की गळाला!"

पदरात बारके मासे धरले, गळाला लावले. ऊन कलताना मरळ लागली.

कालवण वाढून मी सवयीनं चुलीकडे सरकले.

"कडंला काय उभी ऱ्हातीस मरळीवानी? बस हितं, ताट घे."

"आधी तुम्ही जेवा, आत्याबाई."

"बस म्हणते ना!"

मी बसले. त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, गिळली. दुसरा घास घेतला. मग मरळीचं डोकं, सगळ्यात चवीचा तुकडा, माझ्या ताटात टाकलं. घरातले पुरुष तर अजून जेवायचे होते. आधी कुणी खायचं, आता काहीच कळेना.