उत्तरांची पानं माझ्याकडे होती

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. देवापुढेही बसले की मी दुसरंच काहीतरी पुटपुटते. मी घोडेगावच्या कोर्टात वकिली करते. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून त्याच्या पोटातलं काढून घेणं हा माझा रोजचा धंदा, आणि लोक म्हणतात, वैशालीबाई लई खमकी, तिच्यापुढं खोटं टिकत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण मलाच कुणी त्या पिंजऱ्यात उभं केलं तर? जाऊ द्या. तुम्ही ऐकताय तर सांगते.

कुठून सुरू करू? यमुनापासूनच करावं लागेल.

यमुना मढच्या पलीकडच्या वाडीतली. भात आणि नाचणी करणारी डोंगरातली माणसं. जुन्नरला बारावीला आम्ही एका वर्गात होतो. ती मुलींच्या वसतिगृहात राहायची, मी आमच्या घरी. आमचं घर म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. बागायत, दारात जीप आणि आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तालुक्यात शब्द चालायचा. मी लहानपणापासून हुशार. म्हणजे सगळे म्हणायचे तसं. वर्गात पहिला नंबर माझा, हे घरात कुणी बोलूनही दाखवत नसे, इतकं ते ठरलेलं. वकील व्हायचं हेही ठरलेलं.

आमचे इंग्रजीचे सर हौशी. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स करता येतो, मोठ्या कॉलेजात, परराज्यात, आणि त्याला प्रवेश परीक्षा असते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. परीक्षेत निम्मे प्रश्न तर्काचे. म्हणजे ही दोन-तीन विधानं खरी मानली तर पुढचं विधान निघतं का, आठ माणसं गोल बसलीत तर कोणाच्या शेजारी कोण, असले. त्याचं एकच पुस्तक सरांनी पुण्याहून आणलं होतं. त्याच्या त्यांनी झेरॉक्स काढल्या आणि एक शक्कल लढवली. पुस्तकात सरावाचे दोन भाग होते. पहिल्या भागाचे प्रश्न यमुनाला दिले आणि त्याची उत्तरं मला. दुसऱ्या भागाचे प्रश्न मला, उत्तरं तिला. म्हणाले, उत्तरं स्वतःजवळ असली की माणूस चोरून बघतोच, तेव्हा एकमेकींची पानं सांभाळा आणि रविवारी बसून तपासा. पुस्तक त्यांनी परत देऊन टाकलं. पुढे त्यांची बदली झाली.

तर असं होतं. तिची उत्तरं माझ्याकडे, माझी तिच्याकडे.

दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, ती आमच्याकडे यायची. बाप बाजारात हिरडा विकायला आलेला असायचा. त्यांच्या डोंगरात हिरडा लई, वाळवून बाजारात आणतात. त्यातले मूठभर ती दप्तरात टाकून आणायची. कशाला? तर प्रश्न सोडवायला! आमच्या ओसरीच्या फरशीवर ती हिरडे गोल मांडायची, ही वहिनी, हा दीर, ही म्हातारी रुसलीय म्हणून सुनेशेजारी बसणार नाही. पुस्तकात ए, बी, सी, डी असायचे. तिच्याकडे सगळी तिच्या वाडीतली माणसं. इंग्रजी तिचं कच्चं होतं, डिक्शनरी घेऊन अर्धा-अर्धा तास एक प्रश्न वाचायची. पण एकदा वाचून कळला की संपलं. मी अजून कागदावर बाण काढत असायची आणि ही हात झटकून बसलेली.

एक प्रश्न मला अजून पाठ आहे. सगळे अमुक तमुक असतात, हा तमुक आहे, तर हा अमुक आहे का? मी म्हटलं, आहे. ती हसायला लागली. "आगं, आमच्या वाडीतल्या सगळ्या म्हशी काळ्या. ही म्हस बी काळी. म्हून काय ती आमच्या वाडीची व्हती व्हय? वतूरची असंल की!" इतकं सोपं होतं ते. माझ्या डोक्यात का आलं नाही?

आणि ती मला शिकवायचीसुद्धा. माझी उत्तरं तपासताना चूक निघाली की नुसती फुली मारून सोडायची नाही, पुन्हा हिरडे मांडायची. "तू नावात आडकतीस, वैशे. नावं सोड, माणसं बसव." माझे मार्क वाढायला लागले ते तिच्यामुळे. हे मी तेव्हाही जाणून होते. म्हणूनच तर जास्त जळफळाट व्हायचा.

हो, जळायचे मी. शब्द शोधत बसत नाही. फाटक्या चपला घालून येणारी, भाकरीसोबत नुसता ठेचा खाणारी पोरगी दहापैकी दहा आणायची आणि मी सहा, कधी सात. तिची उत्तरं तपासताना मी एखादी तरी चूक शोधायची आणि सापडायची नाही. आई तिला चहा द्यायची, तर तो कप मला तिच्या हातात बघवायचा नाही. एवढी मी हलकी होते.

पण तोवर मी काही केलं नव्हतं. फक्त जळत होते.

मग तो रविवार. आण्णा ओसरीवर चहा पीत बसले होते. गंमत म्हणून त्यांनी आमच्या हातातला कागद घेतला आणि म्हणाले, सांगा बरं. गोल बसलेल्या आठ जणांचा प्रश्न. मी कागद-पेन्सिल घेतली. यमुनानं हिरडे टाकले, दोन इकडचे तिकडे केले आणि बोट ठेवलं. आण्णांनी माझ्याकडून उत्तर ताडून घेतलं. बरोबर. माझी अजून तिसरी ओळ चालली होती. आण्णा तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय डोकं हाय राव पोरीचं! असं डोकं आमच्या घरात पाहिजे व्हतं."

बस, एवढंच म्हणाले. चहा संपवून उठूनही गेले. त्यांना आठवतही नसेल. पण माझ्या आण्णांनी मला कधी, एकदाही, असं म्हटलेलं नव्हतं.

ते गेल्यावर आम्ही तपासायला बसलो. यमुनानं आठवड्याचे दहा प्रश्न सोडवून आणले होते. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्यावर माझ्या तोंडून निघालं, "चूक."

तिचं उत्तर बरोबर होतं. पान माझ्या मांडीवर होतं, मी बघत होते, आणि मी चूक म्हणाले.

ती चमकली. पुन्हा वाचलं, पुन्हा मांडलं, पुन्हा तेच आलं. म्हणाली, "आगं पण कसं?" मी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हणाले, इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळा होतो, तुला ते कळायचं नाही. तिचं जिथं दुखतं तिथंच बरोबर बोट ठेवलं. तिनं वहीत त्या उत्तरावर फुली मारली. पान दाखव, असं एकदाही म्हणाली नाही. सरांनी सांगितलं होतं ना, दुसरीची पानं बघायची नाहीत. तिनं ते पाळलं. छापलेलं चुकत नाही आणि वैशाली खोटं बोलत नाही, या दोन गोष्टी तिनं खऱ्या मानल्या होत्या. पुढचं सगळं त्यातून निघालं.

एकदाच केलं असतं तर आज मी तुमच्यापुढे बसले नसते. पुढच्या रविवारी दहात दोन चुका काढल्या. मग तीन, मग चार. सगळी चूक म्हणायची नाहीत, एवढी अक्कल मला होती. तिला जे झटकन आलेलं असायचं तेच मी चूक म्हणायची. जे घोळून-घोळून आलेलं असायचं ते बरोबर. हे मी ठरवून करत होते. चिडून नाही, थंड डोक्यानं. आणि खरं सांगू? रविवारची मी वाट बघायला लागले.

ती बदलत गेली. हिरडे मांडायची, मोडायची, परत मांडायची. उत्तर आलं की माझ्या तोंडाकडे बघायची. वहीत खाडाखोड वाढली. एका रविवारी तिनं हिरडे आणलेच नाहीत. म्हणाली, "माझं डोकंच उलटं चालतंय गं. पोरखेळ व्हता त्यो." आणि माझी उत्तरं मात्र ती तशीच तपासत राहिली, खरी खरी. मला आठ पडले तर तिलाच आनंद. "आण्णास्नी सांग," म्हणायची.

तेव्हा थांबता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं एकदा. आई आत चहा करत होती, यमुना खाली मान घालून खोडत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "साखर कमी टाक गं आई."

परीक्षा पुण्यात होती. दोघींना आण्णांनी एसटीत बसवून दिलं. उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीनं गोळे काळे करायचे होते. परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. राजगुरुनगर मागं पडलं. मीच विचारलं, कसा गेला पेपर? तर म्हणाली, "बरा गेला आसंल. मी काय केलं, झटकन जे उत्तर आलं ना, ते खोडरबरनं खोडलं आन् दुसरं भरलं. माझं पहिलं चुकतंयच की."

मला वाटलं, गाडी थांबावी आणि मी उतरून जावं. मी काय केलं? पर्समधली गोळी काढून तिला दिली. लिमलेटची. तिनं अर्धी तोडून मला परत दिली.

निकालात तिचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं. हसू नका, पण जागा काही एकच नव्हती हो! तिला खाली ओढून मी काडीभरही वर जाणार नव्हते. एवढा साधा तर्क, आणि मी तर्काचाच अभ्यास करत होते. आण्णांच्या ओळखीनं मला पुण्यात दुसऱ्या कॉलेजात कायद्याला प्रवेश मिळाला. यमुनाचं शिक्षण तिथंच थांबलं. वर्षभरात तिचं लग्न झालं, शिनोलीत दिली. घोडेगावपासून जवळच. मी इथं वकिली सुरू केली तेव्हा ती पेढे घेऊन आली होती.

मग आठ-नऊ वर्षांनी ती माझ्याकडे आली ती दाव्याची नोटीस घेऊन. शेजाऱ्यानं दावा लावलेला. याच्या विहिरीकडे जाणारा गाडीरस्ता म्हणे यमुनाच्या भाताच्या खाचरातून जातो आणि तीस वर्षं चालू आहे. रस्ता दिला असता तर खाचर मधोमध फाटलं असतं, आणि त्यांचं तेवढंच मोठं खाचर. दाव्याचे कागद मी तीन-चार वेळा वाचले होते. मला धड काही सापडेना. पुढच्या खेपेला यमुना टेबलापलीकडे बसली होती. म्हणाली, वाच की जरा. मी वाचत गेले. मध्येच तिचं बोट टेबलावर आलं, जसं फरशीवर यायचं तसं. "थांब. हितं त्यो म्हंतोय तीस वर्सं हिरीकडं जातोय. आन् हिरीवरल्या मोटारीच्या, लायटीच्या कागदात म्हंतोय, हीर नातवाच्या जन्माच्या साली खांदली. त्यो नातू तर आता धाव्वीला हाय. मग आधी ह्यो जात कुठं व्हता?"

मी कागद पुन्हा उलटून पाहिले. दोन्ही कागद माझ्याच फायलीत होते.

आणि लगेच ती मागे सरकली. ओशाळली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला झटकन सुचलं म्हंजी चुकीचंच आसंल. तुला तर म्हाइतीये. तूच बघ."

मी म्हणाले, "बघते."

उलटतपासणीत मी त्या शेजाऱ्याला हाच प्रश्न विचारला. शब्दसुद्धा तिचेच होते. विहिरीचं साल त्याला कबूल करावं लागलं. दावा पडला. खाचर वाचलं. कोर्टाबाहेर, लिंबाखाली, यमुनानं माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आलेले. नवऱ्याला म्हणाली, बघितलं का हिचं डोकं! मग माझ्याकडे वळली. ती विसरली होती. खरंच विसरली होती, की तो प्रश्न तिचा होता. तिच्या लेखी तो चुकीचाच होता ना. म्हणाली, "तुला कसं गं सुचतं ह्ये?"

मी म्हणाले, "सुचतं."

उत्तरांची ती पानं अजून माझ्याकडे आहेत, कपाटात, कोर्टाच्या जुन्या डायऱ्यांखाली. परवा काढली होती. समासात मी तिची उत्तरं पेन्सिलीनं टिपून ठेवलेली आहेत, दर रविवारची. छापलेल्या उत्तरांशी एकेक ताडून पाहिलं. एकही चूक नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं. तिला नाही.