आई दुसऱ्या दिवशीच्या बसने आली

व्हिएतनाममध्ये हनोईहून पुढे सगळीकडे विमानानेच जायचं, असं मी नोएडाच्या ऑफिसात बसून ठरवलं होतं. सोबत आई होती, आणि तिला बसचे धक्के नकोत असं मला वाटत होतं. पण हनोईला उतरताना तिचे कान इतके दुखले की हॉटेलवर पोहोचेपर्यंत ती कानावरचा हात काढेना. खोलीत आल्यावर शांतपणे म्हणाली, "आता घरी जाताना बसेन विमानात. मधे नाही."

हॉटेलातल्या मुलीने मग एका बसबद्दल सांगितलं. एकच पास काढायचा, बस देशभर दक्षिणेकडे जात राहते. आवडेल त्या गावी उतरायचं, हवं तितकं राहायचं आणि आदल्या संध्याकाळी कळवून पुढची बस पकडायची. आईचं सगळं आयुष्य दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून ड्युट्या करण्यात गेलेलं. कधी उतरायचं ते आपण ठरवायचं, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "बिल्कुल हेच करू."

बसमध्ये बहुतेक सगळी पंचविशीतली पोरं-पोरी होती, पाठीवर मोठ्या सॅका घेतलेली. आईने पहिल्या सीटवर बस्तान मांडलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी ही तिची दिल्लीतली सवय. त्यामुळे तिथेही ती सगळ्यांशी बेधडक हिंदीतच बोलायची. एका उंच जर्मन मुलाला तिने "बेटा, स्वेटर पहन लो" म्हटलं आणि त्याने खरंच घातला. गाईड म्हणून असलेली मुलगी दोन दिवसांत तिला आई म्हणायला लागली.

तिसऱ्या मुक्कामाला आम्ही फोंग न्या नावाच्या गावात उतरलो. गुहा पाहायला मी गेले, आई मुक्कामाच्या घरीच राहिली. घर एका विधवा बाईंचं होतं, आईच्याच वयाच्या. संध्याकाळी मी परतले तर दोघी अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. मधे आईचा फोन ठेवलेला, भाषांतरासाठी. तो काहीबाही बोलायचा आणि दोघी हसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ह्वे या शहराची बस पकडायची होती. तिथे ऑफिसची माझी एक मैत्रीण भेटणार होती. तिच्याशी कितीतरी वर्षं स्क्रीनवरच बोलत होते, आणि तिला तेवढाच दिवस मोकळा होता. त्या रात्री मी सामान भरत होते तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"उद्या त्यांच्या मिस्टरांचा स्मृतिदिन, पुण्यानुमोदन आहे. मला राहा म्हणतायत."

मी म्हटलं, मग आपण दोघी राहू. ती नको म्हणाली. मैत्रीण थोडीच पुन्हा भेटणार आहे, तू जा, मी परवाच्या बसने येते. मी भाषेचं, औषधांचं, हरवण्याचं काढून पाहिलं. तिने गाईडला फोन करून पुढच्या बसमधली आपली जागा आधीच पक्की करून टाकली होती.

ह्वेमध्ये मैत्रीण भेटली. प्रत्यक्षात माझ्याहून बरीच बुटकी निघाली, त्यावरून आम्ही खूप हसलो. पण माझं अर्धं लक्ष फोनकडे होतं. दुपारी आईचा एक फोटो आला, जेवणाच्या लांब पंगतीत मधोमध बसलेली. मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी बस यायच्या बरंच आधी मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. बस आली. आधी दोन मुली आईची बॅग घेऊन उतरल्या, मागून आई, डोक्यावर त्या बाईंनी दिलेली शंकूसारखी टोपी. खिडक्यांतून सगळे तिला हात करत होते.

चालता चालता तिने सगळं सांगितलं. त्या बाईंनी तिला घरच्यांच्या रांगेत बसवलं. तिथल्या भंतेजींचं सूत्रपठण झाल्यावर तिला बोलायला सांगितलं, तेव्हा तिने त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. शब्द कुणालाच कळले नसतील, पण सगळ्यांनी हात जोडले. जेवणात तिने मयूर विहारच्या घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी वाढली, ती लगेच संपली.

मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला मी बसले कुठे होते? चहा पोचला का, भंतेजींचं जेवण झालं का, तेच बघत होते. काल नीट बसले गं. बाबांची आठवणही नीट काढली."

मी तिचा हात धरला. रडू येईल असं वाटलं, पण तिने लगेच विचारलं, इथे खायला काय चांगलं मिळतं. नदीकाठच्या एका टपरीवर आम्ही नूडल्सचं गरम सूप घेतलं. तिने त्यात लिंबू पिळलं, मिरची वाढवली, आणि आणखी एक वाटी मागवली. मी गाईडला फोन करून सांगितलं, उद्याच्या बसला आम्ही नाही.