कडक काकूंचा उन्हाचा पट्टा

कडक काकूंना हे नाव कुणी ठेवलं ते गल्लीत कुणाला आठवत नाही, पण का ठेवलं हे विचारायची वेळही कुणावर आलेली नाही. त्यांच्या लाँड्रीतून आलेला शर्ट भिंतीला टेकवला तर आपला आपण उभा राहतो. खळ घालावी तर काकूंनी, आणि तोंडावर बोलावं तेही काकूंनीच.

दुकानामागे त्यांचं वाळवणाचं अंगण. अंगणापलीकडे मोकळं मैदान, आणि मैदानावरून थेट अंगणात उतरणारं सकाळचं ऊन. सगळा धंदा त्या उन्हावर. लॉजच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, वेटरांची पांढरी जाकिटं, सगळं तिथंच वाळायचं. ड्रायर घ्या असं कुणी सुचवलं की काकू नाक मुरडत. "यंत्रात वाळलेल्या चादरीला बंद कपाटाचा वास येतो. झोपून बघा, स्वप्नंसुद्धा कुबट पडतील."

अंगण मात्र अपुरं पडे. म्हणून मैदानाच्या कडेला दोन खांब रोवून द्या, असा तगादा त्यांनी वॉर्डाच्या मेंबरांमागे लावला होता. मेंबर कपडे टाकायला आले की खांब, न्यायला आले की खांब. शेवटी ते ड्रायव्हरला पाठवू लागले, तर काकू ड्रायव्हरजवळ निरोप देत. अशी कैक वर्षं गेली.

आणि एका सकाळी बघतात तर मैदानाच्या कडेला खरंच दोन लोखंडी खांब! पुरुषभर उंच, वर लाल रंगाचा पट्टा. काकूंना भरून आलं. त्यांनी तडक फोन लावला. "साहेब, शब्द पाळलात हो!"

मेंबरांना कशाचा काही पत्ता नव्हता. पण आयतं आलेलं श्रेय परत पाठवणारा मेंबर अजून जन्मायचा आहे. "काकू, तुमच्यासाठी एवढंही नाही करायचं?" म्हणाले, आणि दुपारी येऊन खांबावर हात ठेवून फोटो काढून गेले.

काकूंनी या खांबापासून त्या खांबापर्यंत दोर ताणले आणि ओल्या चादरी घातल्या. ओली चादर काय वजनाची असते ते जिनं पिळली तिलाच ठाऊक. एक खांब मुरमात होता, तो जागचा हलला नाही. दुसरा भुसभुशीत मातीत. तो दिवसागणिक जोडीदाराकडे झुकत चालला. दोर सैल पडला की काकू पुन्हा ताणून बांधत. खांब आणखी झुके.

मग पाटी आली. पाटीवर उंचच उंच इमारतीचं चित्र, खाली हिरवळ आणि हिरवळीवर हसणारी माणसं, ज्यांना कामधाम काही दिसत नव्हतं. पाठोपाठ मुकादम आला. त्यानं चादरी उतरवून काकूंच्या हातात दिल्या.

"मावशी, हे खांब बिल्डिंगच्या कोपऱ्यांच्या खुणा आहेत."

"काहीतरीच काय! मेंबरांनी माझ्यासाठी लावलेत. फोटो आहे."

"मग मेंबरांनाच विचारा."

मेंबरांचा फोन त्या दिवसापासून लागेना.

मुकादमानं झुकलेल्या खांबाकडे पाहिलं. त्याचं टोक जिथवर आलं होतं त्याच्या बरोबर खाली नवा खड्डा घेतला, खांब सरळ उभा केला आणि हात झटकले. पूर्वी अशा वेळी सरकारी माणूस टेप घेऊन यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून हरकती विचारायचा. आता घरं भराभर उठावीत म्हणून नियम सैल केले होते. बांधणाऱ्याच्याच इंजिनीअरनं सगळं ठीक असल्याची सही केली की झालं.

"खळ उतरलेल्या कॉलरीसारखा नियम झालाय," काकू काउंटरवरून म्हणाल्या. "मान कशीही फिरवा."

काउंटरला टेकून गल्ली आपली मतं मांडत होती.

"पाणी कुठून आणणार?" निवृत्त मास्तर तावातावानं म्हणाले. "रस्ता तोच, गटार तेच!"

"मास्तर, तुम्ही बंगला बांधलात तेव्हा तिथं भाजीचा मळा होता म्हणे," समोरचा सलूनवाला म्हणाला. "तेव्हा पाण्याचं कुणी विचारलं होतं?"

"तो बंगला होता. हा टॉवर आहे!"

"मला चालेल. जेवढे मजले तेवढी डोकी. सगळ्यांच्या डोक्यावर केस थोडेच तुमच्यासारखे."

मास्तरांनी टकलावरून हात फिरवला आणि इस्त्रीचे कपडे न घेताच निघून गेले.

काकूंना मास्तरांचं पटत होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांच्या लेकीनंच त्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं घर नोंदवलं होतं. सासरी एकच खोली. पडद्याच्या अलीकडे सासू-सासरे, पलीकडे ती, जावई आणि दोन पोरं. "सासूबाईंनी कूस बदलली की मला कळतं आणि मी बदलली की त्यांना," लेक म्हणायची. "आई, हरकतबिरकत घेऊ नकोस हां. मला एक दार हवंय, लावून घ्यायला."

"घे बाई दार. पण माझ्या उन्हातच का?"



इमारत उठली. एकेका मजल्याबरोबर अंगणातला एकेक दोर सावलीत गेला. चादरी ओल्याच राहू लागल्या. काकूंनी ड्रायरच्या दुकानात जाऊन चौकशीसुद्धा केली. पण पुरी इमारत उभी राहिली तेव्हा एक गंमत दिसली. शेजारची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये अंगणाच्या बाजूला फट रुंदावली होती, आणि तिच्यातून उन्हाचा एक पट्टा आत येत होता. तो अंगणभर सरकायचा. काकू त्याच्या मागे मागे दोर हलवायच्या. सगळी कामं नाही, पण लॉजच्या चादरी निघत होत्या. लाँड्री जगणार होती.

आणि मग लेकीनं नव्या घरात कपाट आणलं आणि काकूंना बघायला बोलावलं.

"आई, हे बघ. भिंतीला लागतच नाही! एक बाजू टेकली की दुसरीकडे हात जाईल एवढी खाच. सगळ्या मजल्यांवर तो कोपरा वाकडा आहे. लोक भडकलेत. बिल्डर म्हणतोय, भिंत बाहेर घेऊन कोपरा भरून देतो, खोली मोठी होईल. परवानगीचीही भानगड नाही आता."

"बाहेर म्हणजे कुठं?" काकूंनी विचारलं.

"त्या फटीत. सुरुवात आमच्यापासून. पहिल्या मजल्यावरून भिंत आली नाही तर वरच्यांची टेकणार कशावर? माझ्या एकटीच्या होकारासाठी थांबलेत."

काकू नव्या कोऱ्या फरशीवर बसल्या. कडक माणसाला असं बसताना पाहून लेक घाबरली.

"बाई गं, ती भिंत बिल्डरनं नाही वाकडी केली," काकू म्हणाल्या. "लॉजच्या चादरींनी केली." आणि खांब, दोर, मेंबरांचा फोटो सगळं सांगून टाकलं. "मला काय माहीत त्याच्यावर घरं उभी राहणार आहेत? मी चांगली ताणून बांधायची, सवयीनं."

लेक आधी बघत राहिली. मग जी हसत सुटली ती कपाटाला धरून खालीच बसली. "म्हणजे इंजिनीअरनं सही केली ती तुझ्या वाळवणावर?"

"हसतेस काय? फट बुजली तर माझं दुकान बुजलं."

लेक डोळे पुसत उठली. त्या खाचेत हात घालून पाहिला. खोली खरंच मोठी झाली असती. पोरांचं टेबल मावलं असतं.

"बरं, मला काय देशील?"

"पोरांचे गणवेश धुऊन इस्त्री करून देईन. कायम."

"खळ न घालता! मागच्या वेळी धाकट्याला बाकावर बसताच येईना, बाईंनी उभं राहायची शिक्षा कुणी दिली म्हणून विचारलं."

काकूंना हे जड गेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी बिनखळीचा कपडा दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

"कॉलरीपुरती तरी?"

"आई!"

"बरं बाई, नाही घालत."

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला तेव्हा लेकीनं दारातूनच सांगितलं, "आम्हाला कोपरा वाकडाच हवा. माझी इस्त्रीची फळी त्यात छान बसते."

आता सकाळी फटीतून ऊन आलं की ते आधी तिच्या खिडकीला लागतं. ती वरून ओरडते, "आई, आलं गं! डावीकडून!"

"दिसतंय मला!" काकू खालून ओरडतात. दिसत काही नसतं, पण दोर सोडायला हात केव्हाच वर गेलेला असतो.