कोरियाला गेलेलं बियाणं

माझे बाबा आयुष्यात एकही जेवण कधी मुकाट्यानं जेवले नाहीत. मीठ कमी, मीठ जास्त, भाकर जाड, वरणात पाणी की पाण्यात वरण. एसटीत ड्रायव्हर होते. गावोगावच्या कँटीनमधलं बेचव गपगुमान खायचे आणि त्याचा सगळा राग घरी येऊन मायच्या स्वयंपाकावर काढायचे. मायही काही कमी नव्हती. "तुमच्या गाडीला ब्रेक हाय, मंग तोंडाला काहून न्हाई?" हे भांडण ऐकतच मी लहानाची मोठी झाले. म्हणून हृदयाचं दुखणं होऊन नांदेडच्या दवाखान्यातून घरी आलेले बाबा जेव्हा बिनमिठाची भाजी एक शब्द न बोलता गिळायला लागले, तेव्हा मला त्यांच्या दुखण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

डॉक्टरांनी त्यांचं काम बराबर केलं होतं. स्प्रिंग बसवली, गोळ्या दिल्या, मीठ-तेल कमी करा म्हणाले, रोज थोडं थोडं चाला म्हणाले. पण चालणार कोण? बाबा ओसरीतल्या बाजेवरून उठायलाच तयार नव्हते. त्यात त्यांची सहलही बुडाली. विहारातली मंडळी लंका आणि थायलंडला निघाली होती. बाबांनी पहिल्यांदाच पासपोर्ट काढला होता, पांढरे दोन नवे शर्ट शिवून घेतले होते. जन्मभर लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी सोडणारा माणूस, एकदा स्वतः कुठंतरी जाणार होता. डॉक्टर म्हणाले, यंदा नाही. मंडळी गेली आणि बाबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

घरी आल्यावर ते एकच गोष्ट बोलले. "शेत बटईनं देऊन टाका. माझ्याच्यानं आता होत न्हाई." बटईनं म्हणजे कसायचं दुसऱ्यानं आणि पीक दोघांनी अर्धं अर्धं घ्यायचं. डोंगरकडा गावातलं आमचं शेत काही फार मोठं नाही, पण नोकरीत असतानाही बाबांनी ते दुसऱ्याच्या हाती कधी दिलं नव्हतं. रजा काढून पेरणीला यायचे. आता गावातलाच एक जण शेत घ्यायला तयार होता, पंधरा दिवसांनी, रविवारी बोलणी करायला येणार होता. माय चुलीपाशी बसून मला हळूच म्हणाली, "शेत गेलं की ह्यो माणूस बी गेला म्हणून समज. बाजेवरून उठावं तरी कशासाठी?"

तिचं खरं होतं. मला त्या रविवारची धास्तीच बसली.

मी हिंगोलीत नोकरी करते. मे महिन्यात रजा काढून लेकीला घेऊन माहेरी आले होते. तिची दहावी झालेली, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं. मला तर दुःख आलं की गप्प बसताच येत नाही, मी एक तर भांडी आपटते नाही तर कुणाशी तरी भांडते. दोन दिवस भांडी आपटून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, आजोबा त्या देशांत जाऊ शकत नाहीत ना? मग देश इकडं आणू. रोज संध्याकाळी एक देश. तिथलं जेवण करायचं आणि तिथलाच सिनेमा बघायचा."

"तुझं डोंबल," मी म्हणाले. मग म्हटलं, बसून रडण्यापेक्षा हे बरं.

पहिली लंका. लंकेला नारळाचं दूध लागतं, आणि आमच्याकडं खोबरं म्हणजे मसाल्यात घालायची वाळकी वाटी. मी नारळ मागितला तर दुकानदार हसला, "काय ताई, तुमच्यात कधीपासून नवस?" मळ्यातून केळीचं पान आणलं, त्यावर भात आणि नारळाची आमटी वाढली. पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला. खालच्या इंग्रजी पट्ट्या लेक भराभर मराठीत सांगत होती, आणि पडद्यावर कुणीही आलं की माय विचारत होती, "ह्यो कोन आता?" बाबांनी चार घास खाल्ले, हात धुतले आणि भिंतीकडं वळले. बरं आहे म्हणाले नाहीत, वाईट आहे म्हणाले नाहीत.

थायलंडसाठी सुवासिक गवताच्या काड्या लागत होत्या. त्या काड्यांसाठी मी उन्हात हिंगोलीला जाऊन चार दुकानं पालथी घातली. शेवटी लेकीनं मोबाईलवर फोटो दाखवला तशी माय कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्या मोरीवरची चहाची पात!" काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ती पात घालून केलेल्या कालवणाला सगळ्या घरभर गवती चहाचा वास सुटला. मला खात्री होती, आता तरी बाबा म्हणतील, चहा केलाय का कालवण? पण त्यांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली. मला त्यांचा इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले.

जपानच्या दिवशी चिकट तांदळाचे मुटके केले. सिनेमा असा रटाळ की काही विचारू नका. एक म्हातारा चिखलात वाकून भात लावतोय, लावतोय, लावतच राहिलाय. मायला डुलक्या यायला लागल्या. मी बंद करायला उठले तर मागून आवाज आला, "ऱ्हाऊ दे." बघते तर बाबा कोपरावर टेकून जरासे उठले होते. म्हणाले, "वळी लई सरळ हायेत त्याच्या."

तेवढंच. पण मी आणि माय एकमेकींकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वळवाच्या वाऱ्यानं विजेची तार तुटली आणि आमची सहल रखडली. वायरमन आज येतो, उद्या येतो करत होता. त्या दिवसांत बाबा बाजेवरून उठून सारखे न्हाणीत जायला लागले. मायला नवीच काळजी. "सारखं उठून राहिलेत गं. शुगर तर न्हाई ना लागली?" मी म्हणाले, चालतायत ना, चालू दे.

लाईट आली शनिवारी. दुसऱ्या दिवशी बटईवाला येणार होता. लेकीनं जाहीर केलं, आज कोरिया. तिथल्या मालिका बघून बघून ती अर्धी तिकडचीच झालेली. म्हणाली, "तिथं सोयाबीनला मोड आणतात आणि कोशिंबिरीसारखं करतात." आम्ही हसलो. आमच्या रानात कळत्या वयापासून सोयाबीन बघते, पण घरात त्याचा एक दाणा शिजलेला आठवत नाही. पोती भरायची, जवळा बाजारच्या नाही तर हिंगोलीच्या व्यापाऱ्याला घालायची, विषय संपला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि मी हातपाय धुवायला न्हाणीत गेले तर पाण्याच्या ड्रमामागं ओल्या गोणपाटाची गुंडाळी. उलगडून बघितली तर आत सोयाबीनच! ओळीनं मांडलेले दाणे आणि प्रत्येकाला पांढरी लुसलुशीत शेपटी. मला मायचं इतकं कौतुक वाटलं! नातीची कोरिया-कोरिया बडबड ऐकून बाईनं गुपचूप मोड आणायला घातले. मी ते टोपल्यात काढले. मोड न आलेले टणक, काळपट दाणे निवडून शेळीसाठी सालपटांच्या बादलीत टाकले. बाकीचे चांगले उकळून, लसूण, तीळ, लाल तिखट, वरून लिंबू. मीठ चिमूटभर. दिसायला तर झकास दिसत होतं.

लेकीनं वाटी बाबांच्या हातात दिली. "आजोबा, कोरिया आला."

बाबा वाटीत बघत राहिले. मग एक मोड बोटांनी उचलून उजेडाकडं धरला.

"हे कुठलं?"

"कोरियाचं, बाबा," मी म्हणाले.

"कोरिया गेला चुलीत! हे दाणे कुठले?"

"न्हाणीतल्या गोणपाटातले. मायनं मोड आणायला घातले होते ना."

"मायनं?" बाबा बाजेवरून ताडकन उठून उभे राहिले. "अगं म्या घातले व्हते! उगवण बघायला घातले व्हते! ड्रायव्हरची पोरगी तू, शेतकऱ्याची पोरगी तू, आणि माझं बियाणं शिजवून खायला निघालीस? अक्कल कुठं गहाण टाकली?"

मी त्यांना खाली बसवायला धावले. एक तर त्यांची छाती, आणि त्यात हा आवाज. आणि मला सगळं आठवलं. दर मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, बाबा घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आणि लहानपणी उगवलेले मोजायला मलाच बसवायचे. सत्तर उगवले तर बियाणं पेरायचं, नाहीतर नवं आणायचं. आमच्याकडं घरोघरी हे करतात. पण तेव्हा गोणपाट अंगणात चारचौघात असायचं. शेत देऊन टाकायला निघालेला माणूस ड्रमामागं लपवून उगवण बघतोय, हे माझ्या कसं डोक्यात येणार?

आरडाओरडा ऐकून माय गोठ्यातून बादली हातात तशीच घेऊन धावत आली. मी म्हणाले, "माय, त्यांना गप्प कर, डॉक्टरनं सांगितलंय, त्यांना त्रास होईल!"

माय दारातच थांबली. बाबा उभे होते, लाल झाले होते, मला आणि माझ्या शिक्षणाला शिव्या घालत होते. ती हळूच उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "वरडू दे गं. लई दिवसानं वरडले."

हे ऐकून बाबांचा आवाज एकदम खाली आला. ते बाजेच्या काठावर बसले.

"म्या ठरवलं व्हतं," ते म्हणाले. "बी चांगलं उगवलं तर बटईवाल्याला न्हाई म्हणायचं. पेरणीला म्या बांधावर उभा ऱ्हाईन, मंग हाताखाली मानसं लावू. न्हाई उगवलं तर देऊन टाकू. आज सांजंला मोजणार व्हतो. आता काय मोजू? कोरियाला गेलं सगळं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात लेक म्हणाली, "आजोबा, न उगवलेले मोजले तर? ते आईनं शेळीच्या बादलीत टाकलेत."

शेळीच्या बादलीत! आम्ही सगळ्यांनी मायच्या हाताकडं पाहिलं. बादली तशीच होती. शेळीपुढं ठेवणार तेवढ्यात बाबांचा आवाज कानी आला आणि ती तशीच पळत आली होती. बाबांनी बादली थाळीत उपडी केली. लसणाची सालं, कांद्याची टरफलं, आणि त्यांतून एकेक दाणा वेचून बाबा बाजूला दहा-दहाच्या ओळीत मांडायला लागले. माझा जीव टांगणीला. एक ओळ झाली. दुसरी सुरू झाली. तिसरी भरून चौथी लागली तर संपलं, असं मनात म्हणत मी एकेक दाणा मोजत होते. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आतच दाणे संपले. बाबांनी सालं पुन्हा चाळून पाहिली. पुन्हा मोजलं. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"ऐंशीच्या वर उगवलंय," ते मायला म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. माय उठली आणि तिनं उशीखालून बाबांचा मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला. बाबांनी बटईवाल्याला फोन लावला. "उद्या नको येऊ रं. आमचं आमी पेरून राहिलोत. न्हाई न्हाई, तब्येत बराबर हाय. ये की पेरणीला, चार दिस कामाला ये." फोन ठेवला. मग मला म्हणाले, "दुसऱ्या पोत्याची बी उगवण बघायची हाय. गोणपाट भिजव. आणि ह्या बारीला त्याला फोडणी देऊ नको."

लेकीनं सिनेमा लावला. बाबांनी थंड झालेली वाटी जवळ ओढली. आम्ही तिघी सिनेमा सोडून त्यांच्याच तोंडाकडं बघत होतो. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला, तोंड वाकडं केलं.

"ह्याच्यात मीठच न्हाई," बाबा म्हणाले. "कोरियावाले मिठाबिगर खातेत व्हय?"

माय पदरानं डोळे पुसत होती, पण तिनं उत्तर द्यायला एक क्षणही लावला नाही. "मिळालं तेवढं खावा," ती म्हणाली.