प्रधान काकांच्या शेजारची जागा

दर शनिवारी संध्याकाळी प्रधान काका अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आपल्या घराच्या बेसमेंटच्या जिन्यापाशी कागद घेऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याची जागा सांगायचे. "तू डावा सोफा, भिंतीकडचा." या-बसा वगैरे काही नाही.

काका हाडांचे डॉक्टर, निवृत्त. बायको गेल्यावर त्यांना प्राचीन रोमचं वेड लागलं. सम्राट, लढाया यांत रस नव्हता. तिथली माणसं कशी न्हायची, काय खायची, कोणाला कुठे बसवायची, एवढंच. बेसमेंटमध्ये तीन सोफे यू आकारात मांडलेले. माणसं नऊच. डावं कोपर उशीवर टेकून, आडवं होऊन जेवायचं. हृदयाचे आणि मेंदूचे मोठमोठे डॉक्टर निमूट आडवे व्हायचे आणि मटणाचा रस्सा मनगटावरून ओघळू द्यायचे.

मधला सोफा मानाचा. तिथे फ्रेंच वाईन. आम्हा व्हिसावर नोकरी करणाऱ्यांना खोक्यातली, स्वस्त. एकदा कोणीतरी हसत विषय काढला, तर काका म्हणाले, "रोममध्ये एकाच जेवणात तीन दर्जांची वाईन असायची. तुम्ही मनात ठेवता ते मी ग्लासात ओततो." उरलेलं जेवण बायका झिपलॉकच्या पिशव्यांत भरून घ्यायच्या, तेव्हा म्हणायचे, "ते लोक त्यासाठी घरून रुमाल आणायचे. तुम्ही झिपलॉक आणता. प्रगती आहे."

मला हा माणूस मनापासून क्षुद्र वाटायचा. घरी येऊन मी बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचो. तरी एकही शनिवार चुकवला नाही, कारण मी त्यांच्या पुतण्याच्या कंपनीत होतो आणि माझं ग्रीन कार्ड त्या कंपनीच्या हातात होतं.

शिरीष माझा मित्र, नागपूरचा. मी अमेरिकेत उतरलो तेव्हा बर्फात दोन तास गाडी चालवून मला घ्यायला आलेला, महिनाभर आपल्या घरी ठेवून घेतलेला. त्याची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. त्यातले एकेचाळीस संपले होते. पुतण्याकडे जागा होती, पण तो काकांच्या शब्दाशिवाय माणूस घेत नसे. म्हणून एका शनिवारी, आठच जण येणार असं कळल्यावर, मी शिरीषला बरोबर नेलं.

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न बोलावता पाहुण्याबरोबर येणाऱ्याला रोमन लोक सावली म्हणायचे. ही तुझी सावली का?"

शिरीष हसला. "तसंच समजा, काका." आणि तिथेच, जिन्यापाशी, त्यानं आपल्या नोकरीचं सांगितलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा काकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "याच्यासाठी तू शब्द देतोस? उद्या काही कमी-जास्त झालं तर तुला विचारीन."

सगळे खायचे थांबले. समोर पुतण्या बसला होता. मला माझी ग्रीन कार्डची फाइल दिसली, दोन्ही मुलींची शाळा दिसली. मी म्हणालो, "तशी फार ओळख नाही, काका. इथे अमेरिकेतच भेटलो."

शिरीष माझ्या शेजारीच आडवा होता. त्यानं ताटातली पोळी संपवली. परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "जाऊ दे बे, तुझ्या पोरी लहान आहेत." अठरा दिवसांनी तो नागपूरला गेला. त्याला सोडायला एअरपोर्टवर मी गेलो नाही. मीटिंग आहे म्हणून कळवलं. मीटिंग नव्हती.

त्या जेवणाच्या पुढच्याच शनिवारी काकांनी मला उजव्या सोफ्यावर हलवलं, स्वतःला लागून. माझ्या पलीकडे पुतण्या. मी सुखावलो, हे लिहून टाकलेलं बरं. तीन वर्षं तिथे बसलो. ग्लासात खोक्यातलीच वाईन येत राहिली. वाढणाऱ्याची नजरचूक असेल म्हणून सोडून दिलं.

ग्रीन कार्ड झालं. काकांचा खुबा मोडला, घर विकलं गेलं, आणि ते असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमात, राहायला गेले. शनिवारचं कोणी तिकडे फिरकलं नाही. या मार्चमध्ये मी गेलो; खोटं कशाला, त्यांना तसं बघायला गेलो. संध्याकाळी पाच वाजता जेवणघरात एक मुलगी हातात कागद घेऊन म्हाताऱ्यांना जागा दाखवत होती. काकांना स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळालं. मला बरं वाटलं.

त्यांनी एकदम विचारलं, "तुझी सावली कुठे असते हल्ली?"

"नागपूरला."

"तू हो म्हणाला असतास तर सोमवारी त्याला ऑफर गेली असती. जेवणाआधीच पुतण्याशी बोलून ठेवलं होतं मी. फक्त बघायचं होतं, दोघांत सावली कोण."

मी उगाच म्हणालो, "पण नंतर तुम्हीच मला तुमच्या शेजारी बसवलंत."

काका खूप दिवसांनी हसल्यासारखे हसले. "तीन वर्षं जेवलास, एक पुस्तक उघडून बघितलं नाहीस? यजमानाच्या एका बाजूला मधला सोफा, मानाचा पाहुणा. दुसऱ्या बाजूला घरचे लोक आणि पोसलेली माणसं. पुतण्या घरचा होता."

मग त्यांनी आपल्या ट्रेमधली लाल जेलीची वाटी माझ्याकडे सरकवली. "घे. मला चालत नाही."

मी चमचा घेतला आणि ती संपवली.